टायसनच्या पंचिंग बॅगचे रील आणि रिंगमधले १८ ठोसे

९७ मारले, १८ लागले. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री (आपल्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ होती) टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये माइक टायसन जेक पॉलविरुद्ध उतरला. त्याच्या ठोशांचा कॉम्प्युबॉक्सने दिलेला हिशोब हा एवढाच. दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, म्हणजे एकूण १६ मिनिटं. सरासरी काढली तर टायसनचा एक ठोसा लागायला ५३ सेकंद लागत होते. समोरच्या पॉलचे २७८ पैकी ७८ लागले. एका पंचाने आठही फेऱ्या पॉलला दिल्या, दोघांनी टायसनला प्रत्येकी एक फेरी दिली. विषय संपला.

पण त्याआधीचे काही महिने आठवा. तुमच्या फीडमध्ये काय येत होतं? टायसन पॅडवर तुटून पडतोय, टायसन पंचिंग बॅग फोडतोय, ५८ वर्षांचा माणूस आणि कानठळ्या बसवणारा धप्प, धप्प आवाज. खाली कमेंट्स ठरलेल्या: ‘पॉल गेला’, ‘पॉलने दवाखान्यात बेड बुक करून ठेवावा’. बेटिंग कंपन्यांच्या हिशोबात पॉलच फेवरिट होता, तरी जास्त लोकांनी पैसे टायसनवर लावले होते, हे त्या कंपन्यांनीच सांगितलं होतं. नेटफ्लिक्सच्या आकड्यानुसार ६ कोटी घरांत ही लढत पाहिली गेली. त्यातल्या बऱ्याच जणांनी मनातल्या मनात निकाल आधीच लावून टाकला होता, आणि तोही पंधरा-वीस सेकंदांच्या क्लिप्स बघून.

मला त्या क्लिप्स खोट्या होत्या असं म्हणायचं नाही. टायसनचा हात अजूनही जड आहे, त्यात वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. बॅगवरचा रील आपल्याला नेमकं काय दाखवतो आणि काय दाखवूच शकत नाही? कारण आता फक्त टायसनचे रील बघून आपण थांबत नाही. घरी बॅग टांगतो, ‘तुमच्या ठोशाची ताकद मोजा’ म्हणणारं ॲप डाउनलोड करतो आणि त्यात आलेल्या आकड्यावर विश्वासही ठेवतो.

टायसनची बॅग मुळात कशासाठी होती?

आधी तंत्र समजून घेऊ. टायसन घडला तो न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल गावी, कस डमाटो या कोचच्या हाताखाली. हेवीवेटच्या मानाने टायसन बुटका, साधारण पाच फूट दहा इंच. समोरचे बहुतेक त्याच्यापेक्षा उंच आणि लांब हातांचे. म्हणजे लांबून खेळला तर मार खाणार हे नक्की. त्यामुळे डमाटोची ‘पीक-अ-बू’ पद्धत: दोन्ही ग्लोव्हज गालांना चिकटलेले, कोपरं बरगड्यांजवळ, डोकं सतत या खांद्यावरून त्या खांद्याकडे हलतं ठेवायचं, आत घुसायचं आणि जवळून मारायचं. त्याचा सगळ्यात गाजलेला जोड म्हणजे उजव्या हाताने बरगडीत हुक आणि त्याच हाताने लगेच हनुवटीखाली अपरकट. समोरचा पोट झाकायला कोपर खाली आणतो, तेवढ्यात हनुवटी उघडी पडते.

या पद्धतीसाठी डमाटोने एक वेगळीच बॅग बनवली होती. १९६५ मध्ये होजे टॉरेस याची लढत विली पास्ट्रानोशी होणार होती. तिच्या तयारीसाठी गाद्या बांधून एक न हलणारा ‘माणूस’ तयार केला, त्यावर शरीराची आकृती काढली आणि जागांना नंबर दिले. १ म्हणजे जबड्यावर डावा हुक, २ म्हणजे जबड्यावर उजवा, ३ आणि ४ अपरकट, ५ आणि ६ बरगडीत, ७ डोक्यावर जॅब, ८ पोटावर जॅब. पास्ट्रानोच्या नावावरून तिला ‘विली बॅग’ म्हणू लागले. टॉरेसने ती लढत जिंकली. पुढे टेपवर हे आकडे रेकॉर्ड केलेले असायचे. टेप लावायची, आकडा ऐकू आला की तो ठोसा मारायचा. आज इअरबड्समध्ये ‘वन-टू, हुक, अपरकट’ ओरडणारी जी ॲप्स आहेत ना, त्यांचा आजोबा हाच.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. विली बॅग ताकद दाखवायला नव्हतीच. ऐकलं की विचार न करता हात सुटला पाहिजे, यासाठी ती होती. शिवाय टायसन एक छोटी पिशवी दोरीला लटकवून झुलवायचा आणि ती डोक्याला लागू न देता खाली-बाजूला होत राहायचा. म्हणजे बॅगेवर मारणं हा त्याच्या सरावाचा अर्धा भाग, आणि मार चुकवणं हा उरलेला अर्धा. २२ नोव्हेंबर १९८६ ला, वयाच्या विसाव्या वर्षी, ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत पाडून तो सर्वांत तरुण हेवीवेट चॅम्पियन झाला. तेव्हा हे दोन्ही अर्धे जागेवर होते. रीलमध्ये मात्र पहिलाच अर्धा येतो, कारण त्याला आवाज आहे.

बॅग म्हणजे लंबक

शाळेतला लंबक आठवतोय? लंबकाचा एक झोका पूर्ण व्हायला किती वेळ लागेल हे त्याच्या वजनावर नाही, लांबीवर ठरतं. टांगलेली हेवी बॅग हाही लंबकच. हुकापासून बॅगेच्या मध्यापर्यंत दीड मीटर अंतर असेल, तर बॅग जाऊन परत यायला साधारण अडीच सेकंद लागतात. तीस किलोची असो की साठ, वेळ जवळपास तोच.

याचा अर्थ, बॅगेइतका शिस्तीचा प्रतिस्पर्धी जगात दुसरा नाही. ती कधी येणार हे तुम्हाला माहीत आहे. कुठून येणार हेही माहीत आहे. ती मधेच थांबत नाही, खोटा जॅब दाखवत नाही, मागे सरकून तुमचा ठोसा हवेत जाऊ देत नाही. तिला अडीच-तीन मिनिटं बडवल्यावर तीच तुम्हाला बडवायला लागेल अशी भीतीही नाही.

आता समोर माणूस ठेवा. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये एक मोजमाप झालं होतं. हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनो याला सेन्सर लावलेल्या, सात किलो वजनाच्या टांगत्या लक्ष्यावर ठोसा मारायला लावला. (हाच ब्रुनो पुढे टायसनकडून दोनदा हरला, १९८९ आणि १९९६ मध्ये.) त्याचा ठोसा निघाल्यापासून ०.१ सेकंदात लक्ष्यावर पोचला, तेव्हा वेग होता सेकंदाला ८.९ मीटर. ठोशाचा कमाल जोर भरला सुमारे ०.४ टन. आता दुसरी बाजू बघा. डोळ्यांना काही दिसल्यावर शरीर हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ठोसा दिसल्यावर चुकवायला गेलात तर तो आधीच लागलेला असतो! चांगले बॉक्सर ठोसा बघून हलत नाहीत. समोरच्याचा खांदा, कंबर, पाऊल यावरून आधीच ओळखून हलतात. ही ओळख आणि तिच्यामागे धावणारे पाय वयाबरोबर आधी जातात. हाताचा जोर बराच उशिरा जातो.

टायसनच्या बाबतीत हेच झालं. पहिल्या फेरीत त्याने अंतर तोडलं, एक-दोन बरे हात लागलेही. नंतर पाय जड झाले. उजव्या गुडघ्याला आधाराचा पट्टा होता, आणि पॉल एक पाऊल मागे सरकला तरी टायसनला ते अंतर कापता येत नव्हतं. लढत आधी २० जुलैला ठरली होती. मे महिन्यात विमानात त्याचा अल्सर उफाळला, म्हणून ती पुढे ढकलावी लागली. लढतीनंतर त्याने स्वतःच लिहिलं की जूनमध्ये जिवावर बेतलं होतं, आठ वेळा रक्त चढवावं लागलं. यातलं काहीही बॅगेला कळत नाही. बॅग तर अडीच सेकंदांत स्वतःहून त्याच्याकडे परत येत होती.

कॅमेरा आणखी काय करतो?

आता फोनकडे येऊ. रील बहुतेक वेळा ३० फ्रेम्स प्रति सेकंदचा असतो, म्हणजे दोन फ्रेम्समध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. ब्रुनोसारखा ०.१ सेकंदाचा ठोसा जेमतेम तीन फ्रेम्समध्ये मावतो. ग्लोव्ह लक्ष्याला टेकलेला असतो तो वेळ तर अवघा १०-२० मिलिसेकंद. म्हणजे प्रत्यक्ष ठोसा लागल्याचा क्षण दोन फ्रेम्सच्या मधे हरवून जाऊ शकतो. तुम्ही बघता तो ‘आधी’ आणि ‘नंतर’. मधलं तुमचा मेंदू भरतो.

त्यात जिम अंधारी असेल तर गंमत आणखी वाढते. कमी उजेडात फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेतो, हात फिस्कटलेला दिसतो, आणि फिस्कटलेला हात आपल्याला वेगवान वाटतो. म्हणजे ट्यूबलाइट बंद केली की ठोसा ‘फास्ट’ होतो. मेहनत शून्य.

क्लिप पळवली आहे का, हे ओळखायला मात्र वरचा लंबक कामाला येतो. बॅग मोकळी झुलत असेल तेव्हा, म्हणजे मधे कोणी हात न लावता, तिचा एक पूर्ण झोका मोजा. दीड मीटरच्या आसपास टांगलेली बॅग दोन सेकंदांत जाऊन परत येत असेल, तर व्हिडिओ बहुधा १.२ पटीने पळवलेला आहे. बॅग जोरात झुलली म्हणून झोका लवकर संपत नाही, उलट किंचित जास्त वेळ लागतो. मी आता कुठलाही जबरदस्त बॅग-वर्कचा रील आला की आधी हे बघतो. बऱ्याचदा मोजता येत नाही, कारण झोका पूर्ण व्हायच्या आत कट असतो.

आणि हा कट हाच खरा कारागीर आहे. बॉक्सिंगची व्यावसायिक फेरी पुरुषांसाठी सहसा तीन मिनिटांची असते. पहिल्या वीस सेकंदांत कोणीही राजा असतो. दम लागल्यावर हात हनुवटीवरून खाली येतो का, मारल्यावर हात सरळ परत येतो की कमरेपर्यंत ओघळतो, पाय अजून हलतायत का, हे सगळं दिसतं दोन मिनिटांनंतर. तेवढा रील कोणी टाकत नाही, आणि टाकला तर आपण बघतही नाही. टायसनच्या टीमने काही लपवलं असं म्हणण्याची गरजच नाही. रीलची लांबीच ते काम करून टाकते.

बॅग किती उडाली यावर तर अजिबात जाऊ नका. हलकी बॅग ढकलली तरी उडते. तंत्राने मारलेला ठोसा कमी वेळ टेकतो, बॅग जागेवर दुमडल्यासारखी होते आणि फार लांब जात नाही. लांब झुलणारी बॅग बऱ्याचदा सांगते की गड्याने मारलं कमी आणि लोटलं जास्त.

मग ॲप तरी खरं सांगतं का?

इथे जरा थांबायला हवं, कारण पैसे आपले जातात.

ॲप्स ढोबळमानाने दोन प्रकारची. पहिला प्रकार कॅमेऱ्याने तुमचे सांधे ओळखतो आणि ठोसे मोजतो. एकाच कॅमेऱ्याला खोली नीट कळत नाही, त्यामुळे सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा जॅब त्याला अवघड जातो. मित्राच्या जिममध्ये मी असं एक ॲप लावून पाहिलं. त्याने मित्राचं घाम पुसणंही दोनदा हुक म्हणून मोजलं. मोजणीची सवय लागावी म्हणून ठीक आहे, त्यापलीकडे नाही.

दुसरा प्रकार मनगटावरच्या सेन्सरचा, किंवा स्मार्टवॉचचा. यात ॲक्सेलरोमीटर असतो, म्हणजे वेग किती झटक्यात बदलला ते मोजणारा सेन्सर. साध्या फोनमध्ये तो सहसा ८ किंवा १६ जीपर्यंतच मोजतो. आता ब्रुनोचा वेग घ्या: सेकंदाला ८.९ मीटरने जाणारा हात १५ मिलिसेकंदांत थांबला तर झटका होतो सुमारे ६० जी. सोळाची मापट्यात साठ ओतल्यासारखं, वरचं सगळं सांडतं आणि आकडा सोळालाच अडकतो. आयफोन १४ पासून अपघात ओळखण्यासाठी २५६ जीपर्यंत मोजणारा सेन्सर आला, त्यामुळे मापटं मोठं झालं हे खरं. पण खरी अडचण पुढेच आहे.

जोर म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे आपण सगळे घोकलेलो आहोत. त्वरण सेन्सरने दिलं. वस्तुमान कोणाचं घ्यायचं? फक्त मुठीचं? मूठ आणि हाताचं? की टाच वळली, कंबर फिरली, खांदा आला आणि त्यांच्यामागचं जे शरीर त्या क्षणी ठोशात उतरलं त्याचं? बॉक्सिंगचं अर्धं तंत्र म्हणजे हे ‘मागचं वजन’ वाढवणं. कोच तासन्‌तास ‘टाच फिरव, टाच फिरव’ म्हणून ओरडतो ते यासाठीच. मनगटावरच्या सेन्सरला टाच दिसत नाही. मग ॲप काय करतं? सुरुवातीलाच तुमचं वजन विचारतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. मी एका ॲपमध्ये माझं वजन ६० वरून ९० किलो केलं. तोच मी, तोच हात, पण स्क्रीनवर ठोसा दणदणीत झाला. एका मिनिटात तीस किलोची प्रगती!

मोठ्या मशिनचंही असंच आहे. २०१७ मध्ये फ्रान्सिस एनगानूच्या ठोशाचा ‘१,२९,१६१’ हा आकडा जगभर फिरला, कारच्या धडकेशी तुलनाही झाली. ते १,२९,१६१ काय होते? न्यूटन नाही, किलो नाही. त्या मशिनची स्वतःची ‘युनिट्स’. जत्रेतल्या ठोसा-मशिनवर ८५० येतात तसेच. एनगानू जोरात मारतो यात शंका नाही, २०२३ मध्ये त्याने टायसन फ्युरीला खाली बसवलं. पण चारच महिन्यांनी अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवलं, तेव्हा ती सगळी युनिट्स त्याच्याकडे होतीच की.

आणि सुरुवातीला दिलेले कॉम्प्युबॉक्सचे आकडे? ते कुठल्याही एआयने मोजलेले नाहीत. १९८५ पासून ही पद्धत आहे: दोन माणसं बसतात, एकेक जण एकेका बॉक्सरकडे बघतो आणि ठोसा लागला-चुकला तशी बटणं दाबतो. जोर किती हे ती मोजतच नाही. त्याच रात्रीच्या केटी टेलर विरुद्ध अमांडा सेरानो लढतीत कॉम्प्युबॉक्सनुसार सेरानोचे ३२४ ठोसे लागले, टेलरचे २१७. तरी तिन्ही पंचांनी ९५-९४ ने टेलरला विजयी केलं आणि इंटरनेटवर भांडण पेटलं. मोजणी आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या लढतीने टायसनपेक्षाही चांगलं दाखवलं. (याच कार्यक्रमात आपला नीरज गोयत ब्राझीलच्या विंडरसन नुनेसविरुद्ध जिंकला. त्याचा रील मात्र कोणी फॉरवर्ड केला नाही.)

पन्नास वर्षांपूर्वीचा ‘रील’

हे सगळं फोनमुळे झालं असं वाटत असेल तर १९७४ मध्ये चला. झाईरमध्ये, किन्शासाला, मोहम्मद अली आणि जॉर्ज फोरमनची लढत होणार होती. पत्रकार फोरमनचा सराव बघायला जायचे. फोरमन हेवी बॅग एकाच जागी इतकी बडवायचा की तिच्यात खळगा पडायचा. नॉर्मन मेलरसारख्या लेखकाने तो खळगा नोंदवून ठेवलाय. तो पाहून भल्याभल्यांना वाटलं, अलीचं आता कसं होणार?

३० ऑक्टोबरला अली दोरांना टेकून उभा राहिला आणि फोरमनला मारू दिलं. दंडावर, कोपरांवर, बरगड्यांवर, मागे झुकत, मधेमधे मिठी मारत. बॅगेला असं मागे झुकता येत नाही. आठव्या फेरीपर्यंत फोरमनचे हात संपले आणि अलीने त्याला पाडलं. गंमत म्हणजे वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, ४५ वर्षांच्या फोरमनने मायकेल मूररला दहाव्या फेरीत एका उजव्या हाताने आडवा करून पट्टा परत मिळवला. तोपर्यंत गुणांवर तो मागे होता. म्हणजे म्हाताऱ्याच्या हातातला जोर खरा असू शकतो, हे मान्य. पण त्यासाठी मूरर त्याच्या समोर, त्याच्या टप्प्यात उभा राहिला. पॉल उभा राहिला नाही.

तुम्ही स्वतः बॅग टांगली असेल तर

कोणी शिकवायला नसेल तर फोन हा वाईट कोच नाही, फक्त त्याला प्रश्न बरोबर विचारा. ताकदीचा आकडा सोडून द्या. फोन बाजूने लावा, समोरून नको. फ्रेम रेट ६० किंवा जास्त असू द्या आणि पूर्ण तीन मिनिटं न कापता शूट करा. मग शेवटची तीस सेकंदं बघा, आवाज बंद करून. मारताना दुसरा हात हनुवटीवर आहे का? मूठ, मनगट आणि कोपर एका रेषेत आहेत का? मनगट दुमडत असेल तर थांबा, हँडरॅप नीट बांधल्याशिवाय पुन्हा मारू नका. नव्या पोरांची मनगटं इथेच जातात. मागची टाच जमिनीला खिळलेली आहे का? आणि बॅग परत येताना तुम्ही तिची वाट बघत उभे आहात की एक पाऊल बाजूला गेलात?

दर आठवड्याला तसाच एक व्हिडिओ, त्याच जागेवरून. दोन व्हिडिओ शेजारी ठेवले की कुठल्याही ॲपच्या आलेखापेक्षा जास्त कळतं. फोन मात्र बॅगेच्या झोक्याच्या रेषेत ठेवू नका. अडीच सेकंदांनी ती परत येतेच.